अक्काचा वर राहिलेला हात

तारीख ९ ऑक्टोबर १९५५, वार रविवार, वेळ सकाळी पावणेआठ. रक्कम तीन रुपये. आमच्या ओळीतल्या पाचव्या घरी श्राद्धाचा स्वयंपाक केल्याबद्दल अक्काला त्या दिवशी मिळायची होती. हजर माणसे तीन: माझी थोरली बहीण, तिलाच आम्ही सगळे अक्का म्हणत असू, माझी बायको, आणि मी. शेजारचे निवृत्त मेष्ट्रु, म्हणजे शाळामास्तर, नंतर आले, आणि जटकावाला, म्हणजे घोडागाडीवाला, त्यांच्याही नंतर. हे सगळे मी त्याच आठवड्यात वहीत लिहून ठेवले, म्हणून आकड्यांची खात्री देतो. बाकीच्या गोष्टींची तेवढी देता येत नाही.

आम्ही बसवनगुडीत भाड्याने राहत होतो. मी एका कारखान्याच्या भांडारात कारकून होतो. आलेला माल मोजायचा, गेलेला मोजायचा आणि दोन्ही जुळवायचे, असे माझे काम. अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. पंचविसाव्या वर्षी विधवा होऊन ती आईकडे परत आली, आणि आईच्या मागे माझ्याकडे. मूलबाळ नव्हते. ती लोकांच्या घरी सोवळ्यातला स्वयंपाक करायची आणि दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी माझ्यापुढे दहा रुपये ठेवायची. मी सुरुवातीला नको म्हणालो होतो. तेव्हा ती म्हणाली होती, "नको असेल तर मी दुसरी खोली बघते." त्यानंतर मी कधी नको म्हटले नाही. आपले आपण कमावून खाणे, भावाच्या घरीही फुकट न राहणे, एवढीच तिची या जगात मिळकत होती, आणि ती तिच्या उजव्या हातावर उभी होती.

पितृपंधरवडा हा तिचा सुगीचा काळ. त्या वर्षी पंधरा दिवसांत अकरा घरे ठरली होती.

सोवळ्याचे तिचे नियम कडक. आमच्याकडचे कन्नड लोक त्यालाच मडी म्हणतात. आंघोळ करून सोवळ्याचे लुगडे नेसले की स्वयंपाक होऊन पाने उठेपर्यंत तिला कोणी शिवायचे नाही. त्या लुगड्यांनाही कोणी शिवायचे नाही, म्हणून ती मागच्या पडवीत छताखाली टांगलेल्या बांबूवर वाळत असत. बांबू जमिनीपासून सव्वासात फूट. लुगडे काठीने वर टाकायचे आणि काठीनेच खाली काढायचे. काठी पाच फूट दोन इंच, एका टोकाला दुबेळके असलेली. आंघोळ झाल्यापासून घराबाहेर पडेपर्यंत अक्का तोंडाने स्तोत्र पुटपुटत असे आणि कोणाशी बोलत नसे. वाटेत कोणी आलेच तर उजवा हात वर करून पंजा दाखवायची. याचा अर्थ, आहेस तिथेच थांब. आमच्या घरात हे सर्वांना पाठ होते.

त्या सकाळी मी पुढच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होतो. बायको दारासमोर भाजीवालीकडून दंटिनसोप्पूची, म्हणजे माठाची, जुडी घेत होती. मागून काहीतरी आपटल्याचा आवाज आला. मी उठून पडवीच्या दारापर्यंत गेलो. स्टूल आडवे पडले होते. अक्का भिंतीला पाठ लावून उभी होती. तिचे ओठ हलत होते. उजवा हात वर होता, पंजा माझ्याकडे.

मी लगेच दोन पावले मागे सरलो.

"पडलीस का गं?" मी विचारले.

तिचे नुसते ओठ हलले. मला वाटले स्तोत्र चालू आहे. "बरं बरं, जातो," असे म्हणून मी परत पुढच्या खोलीत आलो आणि वर्तमानपत्र उचलले. भिंतीवरच्या घड्याळात सात वाजून सत्तेचाळीस मिनिटे झाली होती. हे मला ठाऊक आहे, कारण पाचव्या घरी तिला साडेआठला पोचायचे होते आणि अजून वेळ आहे, असे मी मनात म्हटले होते.

बायकोची हाक आली तेव्हा सात एकोणसाठ झाले होते. "अहो! आधी इकडे या! अक्कांना बघा काय झालंय!"

मी धावत गेलो. अक्का आता पायरीवर बसली होती. हात तसाच वर. कोपरात थोडा वाकून मनगट डोक्यावर टेकले होते. चेहरा घामाने निथळत होता.

"हात खाली येत नाही, तम्मा," ती म्हणाली. धाकट्या भावाला ती कन्नड पद्धतीने तम्मा म्हणे.

"येत नाही म्हणजे?"

"म्हणजे येत नाही. माझा मला आणता येत नाही."

तुकड्यातुकड्याने कळले ते असे. बदलायला न्यायचे दुसरे लुगडे बांबूच्या कुसळाला अडकले. काठीने सुटेना, म्हणून ती स्टुलावर चढली. स्टूल कलले. तिने बांबू पकडला आणि सगळ्या अंगाचे वजन त्या एका हाताला लोंबकळले. खांद्यात कडक्कन काहीतरी झाले. पाय जमिनीला लागले आणि बांबू सुटला, पण हात वरच राहिला.

मी पुढे झालो तशी ती ओरडली, "शिवू नकोस! नऊला तिथं चूल पेटली पाहिजे."

"अहो अक्का, या हातानं तुम्ही काय ढवळणार?" बायको म्हणाली.

"स्वल्प थांबा गं. येईल आपोआप खाली."

इथे सांगायला हवे की मी प्रथमोपचाराचा दाखला मिळवलेला माणूस होतो. आदल्या वर्षी कारखान्यात सहा शनिवार वर्ग झाला होता. शिकवणारा लष्करातून निवृत्त झालेला तमिळ कंपाउंडर. माझी वही बेचाळीस पानांची आणि नीटनेटकी होती. मी ती आणली आणि पडवीत उभा राहून उघडली. पान सतरा: हाड मोडले असेल तर अंग हलक्या हाताने सरळ करून फळीला बांधावे. पान एकतीस: सांधा दुखावला असेल तर जसा सापडेल तसाच बांधावा. पान तेहेतीस: खांद्याची दुखापत, हात छातीशी घेऊन झोळीत ठेवावा. आता ही दुखापत पान सतराची, एकतीसची की तेहेतीसची? हाड मोडलेले मला वरून दिसत नव्हते. सांधा निखळलेला असेल तर तो जसा सापडला तसा, म्हणजे आकाशाकडे, बांधायचा कसा? आणि खांदा म्हटला तर झोळी. पण झोळीसाठी हात आधी खाली यायला हवा. वर्गात आम्ही गुडघे, घोटे, कोपरे, सगळी एकमेकांची बांधली होती. हात वर अडकलेला माणूस कोणी दाखवला नव्हता.

पान तेहेतीसवर खांदा हा शब्दच लिहिलेला होता, म्हणून मी ते धरले. अक्काची लोकरीची धाबळी खुंटीवर होती. लोकरीला आणि रेशमाला विटाळ नाही, तेव्हा धाबळी हाताला गुंडाळून शिवलेले तिला चालण्यासारखे होते. मी तसा तिचा दंड धरला आणि खाली ओढला. दहा आकडे मोजेपर्यंत ओढायचा, असे ठरवले होते. आठ झाले असतील. हात थोडा खाली आला आणि अक्काच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी त्यापूर्वी माणसाच्या तोंडून ऐकला नव्हता. मी सोडून दिले. हात पुन्हा वर गेला.

तो आवाज ऐकून मेष्ट्रु कुंपणावरून वाकले. "एनु रायरे, एनायितु?" काय झाले म्हणून विचारत ते आत आलेच. कन्नड आणि मराठी मिसळून बोलायची त्यांची सवय. अक्काकडे बघून म्हणाले, "अय्यो, अक्का! वर्गात उत्तर येत असल्यासारखा हात वर केलाय तुम्ही."

"उत्तर येत नाही हो मेष्ट्रु," अक्का दात आवळून म्हणाली. "तेच तर."

मेष्ट्रूंचे मत पडले की एरंडेल कोमट करून चोळावे आणि तासभर थांबावे. नाहीतर हाड बसवणारे आहेत, त्यांच्याकडे न्यावे. नाहीतर आपणच दोघांनी मिळून एकदा जोरात ओढावा. एकट्याचे बळ कमी पडले असेल. तिन्ही गोष्टी ते सारख्याच खात्रीने सांगत होते. मला तर कोणत्याच गोष्टीची खात्री नव्हती. मी वही पुन्हा उघडली आणि मिटली.

तेवढ्यात अक्का हळूच म्हणाली, "तम्मा, बोटांना मुंग्या आल्यात. करंगळी तर माझी नाहीच असं वाटतंय."

ती हे बोलली आणि तिने स्वतःच्या वर राहिलेल्या हाताकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत काय होते ते मला कळले. चार शेर तांदळाचे पातेले उतरवणारा तो हात होता.

मी पान एकतीस धरायचे ठरवले. का, ते सांगता येणार नाही. कदाचित तेहेतीस करून पाहिले आणि ते चुकले होते, एवढ्याचसाठी. जसा आहे तसा बांधायचा आणि इस्पितळात न्यायचे.

पण बांधायचा कशाने? वर्गातले तिकोनी सुती फडके माझ्या कपाटात होते, पण ते कारखान्यातून आलेले. "ते नको," अक्का म्हणाली. तिला अजूनही वाटत होते की हात इथेच सुटेल आणि ती साडेआठला निघेल. तेव्हा सोवळ्यात बसेल अशा वस्तू हव्या होत्या. माझा पूजेचा रेशमी मुकटा होता, तो नऊ हात. तिची धाबळी होती. आणि ती काठी.

मी मुकट्याचे एक टोक वळवून चुंबळ केली, कळशी घ्यायला बायका डोक्यावर ठेवतात तशी, आणि बायकोला ती अक्काच्या डोक्यावर मनगटाखाली ठेवायला सांगितली. म्हणजे मनगटाला मऊ टेकण झाले. धाबळीची वळकटी करून डोके आणि दंड यांच्यामधल्या पोकळीत बसवली. आता राहिला कोपर. तो हवेत होता आणि श्वासागणिक हलत होता, आणि हलला की अक्का कळवळत होती. आमच्या परसात घडाच्या वजनाने कललेल्या केळीला दुबेळक्याचा टेकू दिलेला होता. मी टेप आणली. कमरेच्या हाडापासून कोपराच्या खालच्या बाजूपर्यंत सत्तावीस इंच. काठी बासष्ट इंच.

"अक्का, काठी कापतो."

"आणि मग लुगडी कशानं घालू वर?"

"हात गेल्यावर काठी घेऊन काय करणार आहात?" बायको म्हणाली. ती एरवी अक्काशी अशी बोलत नसे.

अक्काने डावा हात काठीवरून एकदा फिरवला. मग म्हणाली, "काप."

मी करवतीने पस्तीस इंच कापून टाकले. दुबेळक्यात रेशीम गुंडाळून ते कोपराखाली दिले आणि खालचे टोक कमरेवर टेकवले. आता ते अंगाला बांधायचे होते. बायकोने नियम पाळून दोन्ही हातांना रेशमी पदर गुंडाळला होता आणि तशा हातांनी ती मुकट्याच्या गाठी मारत होती. रेशमावर रेशीम. गाठ बसली की सुटे. तीनदा बसली, तीनदा सुटली, आणि तिसऱ्या वेळी काठी सटकून कोपर खाली लचकला. अक्काने डोळे मिटले. बायकोने हाताचा पदर काढून टाकला, उघड्या बोटांनी मुकटा घट्ट ओढला आणि कमरेला, छातीला, दंडाला अशा तीन गाठी मारल्या.

अक्काने डोळे उघडले. बायकोकडे पाहिले. मग मेष्ट्रूंना म्हणाली, "तेवढं पाचव्या घरी सांगाल का? मी येत नाही म्हणून."

"सरी, सरी," म्हणत मेष्ट्रु पळाले.

त्या तीन गाठींनंतर कोपर हलला नाही. एवढे मी नक्की सांगू शकतो.

जटका कोपऱ्यावरच मिळाला. पण मी आत टेप लावली तर मागचे दार एकवीस इंच रुंद आणि अक्का काठीच्या कोपरासकट सव्वीस इंच. मी जटकावाल्याला म्हणालो, बसणार नाही. तो दाढीवाला म्हातारा. त्याने अक्काकडे एकदा पाहिले. "साब, फीता जेब में रखो," तो म्हणाला. "अम्मा कू तिरछा बिठाव." अक्का तिरकी होऊन सहज आत गेली आणि तिथे अंथरलेल्या गवतावर बसली. "डरो नक्को अम्मा, हल्लू लेको जातूं." त्याने घोडा खरोखरच चालवत नेला. रस्त्यात लोक थांबून बघत होते. एका म्हातारीने तर हात जोडले. तिला काय वाटले कोण जाणे. अक्का म्हणाली, "आशीर्वाद देतेय वाटतं मी." आणि लगेच, "हसवू नका गं मला, दुखतं." आम्ही कोणीच तिला हसवले नव्हते.

सरकारी इस्पितळात आम्ही नऊ पन्नासला पोचलो. डॉक्टर तरुण होता. त्याने काठी पाहिली, चुंबळ पाहिली, धाबळी पाहिली.

"हे कोणी बांधलं?"

रागावून विचारतो आहे की काय, ते मला आवाजावरून कळेना. "मी," म्हणालो.

त्याने दोन विद्यार्थ्यांना हाक मारली आणि मुकट्याची गाठ दाखवत त्यांना इंग्रजीत भराभर काहीतरी सांगितले. त्यातले एवढेच समजले की खांद्याचा गोळा खोबणीतून खाली सरकला आहे, असे क्वचित होते, आणि हात आहे तिथेच ठेवून आणला हे बरे झाले. मला बरे वाटू लागले. मग तो माझ्याकडे वळला.

"आधी कोणी ओढला होता का?"

"हो. मी. एकदा."

"का?"

पान तेहेतीस, असे सांगणे शक्य नव्हते.

"आणि पडून किती वेळ झाला?"

"दोन तास तीन मिनिटं," मी म्हणालो. "त्यातली बारा मिनिटं मला कळलंच नव्हतं."

त्याने टाचणीने अक्काची बोटे टोचून पाहिली. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची एक बाजू, काही कळत नव्हते. मूठही नीट वळत नव्हती. तो म्हणाला, "हे पडल्यामुळे असेल. ओढल्यामुळे असेल. वेळ गेल्यामुळेही असेल. आत्ता सांगता येत नाही. बहुतेक येईल परत."

तीनपैकी दोन कारणे माझी होती.

अक्काला आत नेले, क्लोरोफॉर्म दिला आणि अर्ध्या तासाने ती बाहेर आली तेव्हा हात छातीशी बांधलेला होता. तिच्याबरोबर वॉर्डातली आया होती. मी तिला विचारले, "जोरात खाली ओढावा लागला का?" ती म्हणाली, "खाली कुठं साहेब? आणखी वर ओढला. वर ओढला तेव्हा आला खाली." मी हे आयुष्यभर समजून घ्यायचा प्रयत्न करतो आहे. पुढे त्या तमिळ कंपाउंडरला भेटून विचारले. तो म्हणाला, बरोबर आहे, आणि तू बांधले ते शंभरात नव्वद मार्कांचे. मग ओढल्याचे सांगितले, तर म्हणाला, मग नापास. मेष्ट्रूंचे म्हणणे असे की ओढले ते चुकले नाही, दिशा चुकली.

चार दिवस अक्का इस्पितळात राहिली. पुढे चार आठवडे हात बांधलेला, आणि मग दर सोमवारी जाऊन ती आया सांगेल तो व्यायाम. तोंड भिंतीकडे करून उभे राहायचे आणि बोटांनी भिंतीवर मुंगीसारखे वर वर चढायचे. घरी मी पडवीच्या भिंतीवर पेन्सिलीने खुणा करत गेलो. पहिल्या सोमवारी जमिनीपासून एकोणचाळीस इंच. मग एकेचाळीस. मग पुन्हा एकेचाळीस. मग चव्वेचाळीस. आया खुणांबद्दल ऐकून म्हणाली होती, "साहेबांना सांगा, आकडे कमी बघा, अम्माचं तोंड बघा. तोंड वाकडं झालं की थांबायचं." त्या आयेचा आवाज मोठा होता. अक्का कुरकुरली की ती म्हणे, "चूल कोण पेटवणार, मी?" आणि अक्का पुन्हा भिंतीकडे वळे.

नोव्हेंबरच्या एक तारखेला अक्काने डाव्या हाताने माझ्यापुढे दहा रुपये ठेवले. डिसेंबरच्या एक तारखेलाही. जानेवारीत सहा ठेवले आणि म्हणाली, "चार राहिले." मी घेतले. न घेणे जास्त वाईट झाले असते असे तेव्हा वाटले. आता विचारले तर नक्की सांगता येणार नाही. करंगळी अजून बधीर होती. कळशी उचलता येत नव्हती. दोन घरांनी दुसरी बाई बघितल्याचे कानावर आले होते. अक्का हे बोलत नसे, पण रात्रीचे जेवण तिने अर्धे केले होते, आणि तिला भूकच नसते असे ती बायकोला सांगत असे.

जानेवारीतल्या एका रविवारी ती पडवीत अवरेकाईचे, म्हणजे पावट्याचे, भिजवलेले दाणे घेऊन बसली होती. दाणा चिमटीत धरून दाबला की साल मागे राहते आणि आतला दाणा सटकन उडतो. ती डाव्या हाताने दाबत होती आणि उजवा हात नुसताच पाण्यात बुडवून ठेवला होता. तीन महिने माझ्या मनात होते ते मी तेव्हा बोललो. म्हणालो, "अक्का, तू पडलीस तेव्हा मी आलो होतो. तू हात वर केलास, मला वाटलं थांब म्हणतेस. मी जाऊन पेपर वाचत बसलो. बारा मिनिटं."

तिचा हात थांबला. "पेपर?"

"हो."

"मी तुला बघितलं होतं की," ती म्हणाली. "तोंडातून शब्द फुटत नव्हता. तू बरं बरं, जातो म्हणालास, म्हणून मला वाटलं, याला सगळं समजलंय, जटका आणायला गेला. मग तू येईनास, तेव्हा वाटलं, रविवार आहे, जटका मिळत नसेल बिचाऱ्याला."

ती बारा मिनिटे माझी वाट बघत उभी होती, आणि मनात माझ्या बाजूने कारणे शोधत होती.

"आणि पेपरात काय होतं एवढं?" तिने विचारले.

"आठवत नाही."

"वाचलंस तरी नीट?" असे म्हणून तिने आणखी एक दाणा दाबला. तो माझ्या सदऱ्यावर उडाला. ती रागावली होती की नाही, हे मला आजतागायत कळलेले नाही. मग ती एकदम म्हणाली, "तम्मा, थांब." उजवा हात तिने पाण्यातून वर काढला, पुन्हा बुडवला, पुन्हा काढला. "पाणी गार आहे."

"ते सकाळपासून गारच आहे."

"अरे, करंगळीला गार लागलं."

मी जाऊन टाचणी आणली. तिने ती माझ्या हातातून काढून घेतली, आणि स्वतःच टोचून पाहिले.

सगळे काही परत आले असे नाही. भिंतीवरची शेवटची खूण साठ इंचांवर राहिली. ती आधी सत्त्याहत्तरपर्यंत पोचत असेल, असा माझा हिशेब आहे. भरले पातेले तिला एकटीला उतरवता येईना. तरी फाल्गुनात मल्लेश्वरमच्या एका घराने तिला बोलावले आणि सांगितले की उचलायला दुसरी बाई देतो, तुम्ही फक्त सांगा आणि ढवळा. अशी दोन श्राद्धे झाली. सहा रुपये आले.

पुढच्या सोमवारी ती मला घेऊन इस्पितळात गेली. व्यायाम कधीच संपला होता. आया वॉर्डाच्या दारात चादरी मोजत होती. अक्काने कनवटीतून पाच रुपयांची नोट काढली. मी दोन पुरे म्हणालो होतो. जानेवारीतले माझे चार अजून यायचे होते. ती म्हणाली होती, "तुझे पुढच्या महिन्यात."

आया हात मागे घेत म्हणाली, "नको अम्मा, साहेब लोक रागावतात."

"घे गं. माझे आहेत, याचे नाहीत."

एकंदर गेले ते असे. इस्पितळाला काही नाही. जटकावाल्याला, थांबल्याचे धरून, एक रुपया दोन आणे, मी दिले. आयेला पाच रुपये, अक्काने, उजव्या हाताने, तिच्या हातात हात देऊन.